न झालेल्या दंगलीचा इतिहास : भिवंडी, १९७० ते २००६

दंगलींचा इतिहास लिहिणाऱ्याला साधनांची टंचाई सहसा जाणवत नाही, कारण दंगल झाली की तिच्यामागोमाग गुन्हे नोंदवले जातात, पंचनामे होतात, चौकशी आयोग बसतो, साक्षीपुरावे घेतले जातात आणि अखेर काही खंडांचा अहवाल तयार होतो. तो अहवाल सरकारने स्वीकारला नाही तरी अभ्यासकाच्या हाती पडतो. जी दंगल होता होता टळली, किंवा जिची सगळी सामग्री जमूनही ठिणगी पडली नाही, तिच्याबद्दल मात्र असे काहीच मागे राहत नाही. टळलेल्या दंगलीची चौकशी करण्यासाठी कोणत्याही सरकारने आयोग नेमलेला नाही. सामूहिक हिंसा कशाने रोखली जाते या प्रश्नावरचे संशोधन ती कशाने घडते यावरील संशोधनापेक्षा इतके मागे का राहिले, याचे एक कारण या दप्तरी विषमतेत आहे. भिवंडीच्या प्रकरणाला महत्त्व येते ते यामुळेच. एकाच गावात दोन मोठ्या दंगली, त्यानंतर जाणीवपूर्वक उभारलेली एक प्रतिबंधक व्यवस्था आणि मग त्या व्यवस्थेची डिसेंबर १९९२ मध्ये झालेली कसोटी, असा सलग माग महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतो.

ठाणे जिल्ह्यातील कामवारी नदीकाठचे हे गाव मुळात खाडीवरच्या व्यापाराचे. जुन्या वस्तीत कोकणी मुसलमान होते, तसेच आगरी, कोळी आणि इतर मराठी भाषक हिंदू समाजही होते. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून विणकर मोमीन कुटुंबे येऊन स्थिरावली, पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतल्यावर पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून मजुरांचा ओघ सुरू झाला. १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप झाला आणि गिरण्यांतले काम यंत्रमागांकडे वळले, तेव्हा तो ओघ आणखी वाढला. माग चालवणारे मुसलमान आणि हिंदू, सूत पुरवणारे व कापड उचलणारे व्यापारी बहुतांशी गुजराती-मारवाडी हिंदू, आणि पाळ्यांमध्ये राबून ‘भिस्सी’त, म्हणजे मजुरांच्या सामायिक खानावळीत, जेवणारे कामगार दोन्ही धर्मांचे, अशी या गावाच्या अर्थव्यवहाराची घडण होती. परस्परावलंबन म्हणजेच सलोखा असे मानणाऱ्यांनी ही घडण लक्षात ठेवावी, कारण हे परस्परावलंबन पुरेपूर असतानाच गावात दोनदा रक्तपात झाला.

पहिला ७ मे १९७० रोजी. त्या दिवशी तिथीप्रमाणे येणाऱ्या शिवजयंतीची मिरवणूक निघाली होती. साठच्या दशकाच्या मध्यापासून या मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरच्या घोषणा आणि गुलालाची उधळण यांवरून दरवर्षी कुरबुरी होत आल्या होत्या, आणि त्या वर्षी आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे लाठ्या घेऊन मिरवणुकीत सामील झाली. दगडफेक झाली, जाळपोळ सुरू झाली आणि बातमी पोहोचताच दुसऱ्या दिवशी जळगाव पेटले. महाडलाही गडबड झाली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अनेक खंडांचा अहवाल भारतातील दंगलींविषयीच्या दस्तऐवजांत आजही अव्वल दर्जाचा मानला जातो, आणि तो मान त्याला घटनांच्या वर्णनामुळे मिळालेला नाही. दंगलीच्या आधीच्या सहा-सात वर्षांत गावात धर्माच्या आधारावर संघटना कशा उभ्या राहिल्या, राष्ट्रीय उत्सव मंडळाने मिरवणुकीचा आग्रह कसा वाढवत नेला, मुसलमानांच्या बाजूनेही प्रतिसंघटन कसे झाले, आणि हे सर्व समोर दिसत असताना जिल्हा प्रशासन व पोलीस दरवर्षी सणापुरती तडजोड घडवून आणून समाधान कसे मानत राहिले, याचा तपशील आयोगाने मांडला. दंगल अचानक उसळत नाही, ती हप्त्याहप्त्याने तयार होते, हे या अहवालाच्या पानापानावर दिसते. दंगलीनंतरच्या तपासात पोलिसांनी केलेल्या पक्षपातावरही आयोगाने स्पष्ट ठपका ठेवला. पुढे या अहवालाचे जे झाले ते बहुतेक अहवालांचे होते.

चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली, आणि या वेळी आग ठाणे व मुंबईपर्यंत पोहोचली. अडीचशेहून अधिक माणसे मेली, घरे आणि माग जळाले, आणि राखीव पोलिसांच्या तुकड्या व लष्कर उतरवावे लागले. १९७० आणि १९८४ यांच्यामध्ये गावात शांतता समित्या नव्हत्या असे नाही. त्या होत्या, आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने या प्रकरणाचा सर्वांत बोधक भाग तोच आहे. शांतता समिती म्हणजे सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीत बोलावली जाणारी प्रतिष्ठितांची बैठक. तिच्यात दोन्ही समाजांतील पुढारी, व्यापारी, मौलवी आणि मंडळांचे अध्यक्ष येत, चहा होई, सहकार्याची ग्वाही दिली जाई आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येई. या माणसांपैकी अनेकांचे वजन त्यांच्या समाजाचा कैवार घेण्यातूनच आलेले असे, त्यामुळे तणाव वाढला तर त्यांचे नुकसान होईलच असे नव्हते. शिवाय गल्लीतला अठरा वर्षांचा मुलगा त्यांचे ऐकेल याची खात्री खुद्द त्यांनाही नसे.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी नेमका हाच दोष हेरला. त्यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांचे वर्णन ‘पोलीस-जनता सहकार्य’ अशा गुळगुळीत शब्दांत करणे सोपे असले तरी त्यांची रचना जुन्या पद्धतीच्या अगदी उलट होती. समिती गावाची नव्हती, वस्तीची होती. तिच्यात हिंदू आणि मुसलमान साधारण सारख्या संख्येने घेतलेले होते. तिच्या बैठका सणापुरत्या होत नसत, वर्षभर नेमाने होत. आणि तिच्यात पुढाऱ्यांपेक्षा भाजीवाला, रिक्षावाला, दुकानदार, मागवाला, शिक्षक अशा रोज त्याच गल्लीत वावरणाऱ्या माणसांवर भर होता. सर्वांत मोठा बदल पोलिसांच्या बाजूचा होता. वस्तीची जबाबदारी ठाण्यातल्या शिपायाकडे सोपवली गेली, म्हणजे ज्याला एरवी बंदोबस्तात उभे राहणे आणि साहेबांचा हुकूम पाळणे एवढेच काम असते, तो आपल्या भागातल्या समितीचा सूत्रधार झाला. शिपाई लोकांना नावाने ओळखू लागला आणि लोक त्याला.

या रचनेचे काम कसे चालत होते ते थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढच्या संशोधनाने जे मोठ्या आकड्यांत सांगितले त्याची बारीक यंत्रणा इथे दिसते. दंगलीची पहिली सामग्री म्हणजे अफवा, आणि अफवा टिकते ती पलीकडच्या गल्लीतल्या कोणाला विचारून खात्री करून घेण्याची सोय नसते म्हणून. मोहल्ला समितीने ती सोय निर्माण केली : अमुक ठिकाणी मूर्ती फोडली, तमुक ठिकाणी मुलगी पळवली, असे कानावर आले की तिथल्या सभासदाला थेट विचारता येत असे, आणि ज्याच्याशी महिन्यामागून महिने नळाच्या पाण्यावरून, तुंबलेल्या गटारावरून आणि मुलांच्या भांडणावरून बोलणे झाले आहे, त्याच्या शब्दावर विश्वास बसत असे. दुसरी सामग्री म्हणजे किरकोळ भांडण. दोन माणसांमधला पैशांचा किंवा जागेचा वाद दोन धर्मांचा होण्याआधीच मिटवता आला, तर त्याला धार्मिक रंग देणाऱ्याचे काम अवघड होते. तिसरी गोष्ट कमी दिसणारी आहे. समितीत बसलेल्या शिपायालाही आपल्या वस्तीतला मुसलमान हा ‘संशयित’ या एकाच रूपात दिसेनासा झाला, आणि त्या माणसांनाही खाकी वर्दीत केवळ शत्रू दिसेनासा झाला. मादन आयोगाने दाखवलेल्या पक्षपातावर आदेशांच्या परिपत्रकांनी जो इलाज झाला नव्हता, तो निदान काही अंशी या रोजच्या सहवासाने झाला.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्रीपासून मुंबईत हिंसेला सुरुवात झाली. डिसेंबरच्या फेरीनंतर जानेवारी १९९३ मध्ये दुसरी, अधिक संघटित फेरी झाली. दोन्ही मिळून सुमारे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने पाच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, जो अहवाल दिला त्यात राजकीय संघटनांची भूमिका, सरकारचा निर्णय घेण्यातला विलंब आणि पोलीस दलातला पूर्वग्रह या तिन्हींची नोंद झाली, आणि ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला गेला. मधल्या काळात, १९९६ च्या आरंभी, तत्कालीन युती सरकारने हा आयोग गुंडाळला होता आणि काही महिन्यांतच त्याला पुन्हा कामाला लावावे लागले होते. भिवंडी मात्र, जिचे नाव दोन दशके दंगलीशी जोडले गेले होते, त्या हिवाळ्यात पेटली नाही. खोपडे यांची तोवर बदली झाली होती आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. म्हणजे यंत्रणा तिच्या कर्त्याच्या हजेरीवर अवलंबून नव्हती, निदान एका बदलीपुरती तरी. मुंबई जळत असताना भिवंडी का जळली नाही, हा प्रश्न खोपडे यांनी पुढे आपल्या मराठी पुस्तकाच्या केंद्रस्थानी ठेवला.

हाच प्रश्न देशपातळीवर विचारला जात होता. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी टाइम्स ऑफ इंडियाचे मुंबई आवृत्तीचे अंक चाळून १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींची सूची तयार केली. वर्तमानपत्रावर आधारलेल्या सूचीच्या मर्यादा उघड आहेत, कारण दूरच्या गावातली लहान घटना मुंबईच्या संपादकापर्यंत पोहोचेलच असे नाही. तरीही तिच्यातून निघालेले चित्र ठळक होते. ग्रामीण भागातील मृत्यूंचे प्रमाण एकूण मृत्यूंच्या चार टक्क्यांहूनही कमी भरले, आणि अहमदाबाद, मुंबई, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता व दिल्ली या आठ शहरांत जवळपास निम्मे मृत्यू एकवटलेले निघाले. धर्मभेद तर देशभर आहे, मग हिंसा मोजक्याच ठिकाणी का? वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शहरांच्या जोड्या लावून याचे उत्तर शोधले : अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत लोकसंख्येतील मुसलमानांचे प्रमाण साधारण सारखे होते, पण एक शहर दंगलींचे आणि दुसरे शांततेचे होते. जसे अलिगढ आणि कालिकत या दोन्ही ठिकाणी मुसलमान एक तृतीयांशाहून अधिक आहेत.

त्यांनी नागरी संबंधांचे दोन प्रकार मानले. शेजारपाजार, सणाचा फराळ, मुलांचे एकत्र खेळणे हा रोजचा प्रकार, आणि व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचक मंडळ, पक्ष यांतून बांधला जाणारा संघटित प्रकार. त्यांच्या मते रोजचे संबंध लहान गावात पुरे पडतात, पण शहरात माणसे इतकी आणि इतकी अनोळखी असतात की तणावाच्या वेळी संघटनाच टिकाव धरते. कालिकतमधील व्यापाऱ्यांच्या मिश्र संघटनांना शांततेत स्वार्थ होता, लखनौत चिकनकारी करणारे मुसलमान कारागीर आणि हिंदू व्यापारी एकमेकांत गुंतलेले होते. सुरतेत १९९२ मध्ये जुने शहर शांत राहिले आणि हिंसा झाली ती मुख्यतः बाहेरून आलेल्या मजुरांच्या नव्या झोपडवस्त्यांत, जिथे अशा संघटना पोहोचल्याच नव्हत्या. अहमदाबादचा इतिहास याच्या उलट दिशेचा आहे : गांधीजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मजूर महाजनाची आणि जुन्या काँग्रेसची पकड सैल होत गेली, आणि १९६९ पासून शहराची गणना देशातल्या सर्वांत हिंसक शहरांत होऊ लागली.

विल्किन्सन यांनी मात्र त्याच सूचीवरून २००४ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. त्यांच्या म्हणण्यानुसार दंगल सुरू कुठे होते हे स्थानिक निवडणुकीची चुरस ठरवते, पण ती किती दिवस चालते हे राज्य सरकार पोलिसांना काय आदेश देते त्यावर ठरते. आणि सरकार कठोर आदेश देते ते सत्तेत राहण्यासाठी अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते तेव्हा. जिथे अनेक पक्षांत चुरस असते तिथे ही गरज वाढते. पॉल ब्रास यांनी अलिगढच्या प्रदीर्घ अभ्यासावरून ‘संस्थात्मक दंगल-व्यवस्था’ ही कल्पना मांडली होती : अफवा पेरणारे, भांडणाला धार्मिक रूप देणारे, जमाव जमवणारे आणि नंतर दंगलीचा अर्थ लावून देणारे यांची श्रमविभागणी असलेले एक जाळे, जे शांततेच्या काळातही कार्यरत असते.

भिवंडी या उपपत्तींपैकी कोणत्याही एकीत नीट बसत नाही, आणि तिचे खरे संशोधनमूल्य तिथेच आहे. राज्य सरकारच्या राजकीय गरजेवर सगळे अवलंबून असते तर मुंबई आणि भिवंडी यांत फरक पडण्याचे कारण नव्हते. डिसेंबर १९९२ मध्ये दोन्हींवर सुधाकरराव नाईक यांचेच सरकार होते, कायदा एक होता आणि राज्याचे पोलीस दलही एकच. म्हणजे वरून येणाऱ्या आदेशाखाली आणखी एक पातळी असते, आणि वरचा आदेश लटपटला तरी ती उभी राहू शकते. दुसरीकडे, नागरी समाज आपोआप शांतता राखतो असेही इथे म्हणता येत नाही, कारण सूत, माग आणि कापड यांची सगळी गुंतागुंत १९७० आणि १९८४ मध्येही होतीच. वार्ष्णेय यांनी स्वतः भिवंडीची दखल घेतली ती संघटित नागरी संबंध मुद्दाम घडवताही येतात याचे उदाहरण म्हणून. पण ते घडवणारा हात नागरी समाजाचा नव्हता, एका पोलीस अधिकाऱ्याचा होता, ही गोष्ट त्यांच्या उपपत्तीत किंचित अवघडल्यासारखी बसते. ब्रास यांच्या परिभाषेत सांगायचे तर मोहल्ला समिती ही दंगल-व्यवस्थेसमोर उभी केलेली प्रतिव्यवस्था होती, तितकीच स्थानिक आणि तितकीच बारमाही. हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात जास्त पटणारे आहे. अर्थात एका गावावरून काढलेल्या निष्कर्षाला जी मर्यादा असते ती यालाही आहे : समित्या नसत्या तर भिवंडी पेटलीच असती, हे सिद्ध करता येत नाही.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत प्रयोगांतून होत आहे, म्हणजे काही लोकांना यदृच्छेने एका गटात आणि इतरांना दुसऱ्या गटात टाकून दोन्हींतला फरक मोजायचा. सलमा मूसा यांनी इस्लामिक स्टेटच्या हिंसेने विस्थापित झालेल्या इराकमधील ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुसलमान खेळाडू घातले. मिश्र संघांतले खेळाडू मैदानावर आणि संघापुरते मुसलमानांशी अधिक मोकळे झाले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलच्या वागण्यात फारसा बदल दिसला नाही. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी क्रिकेटच्या सामन्यांतून जातींच्या संपर्काचा प्रयोग केला, तेव्हा एकाच संघात खेळल्याने मैत्री वाढली आणि विरोधी संघ म्हणून खेळल्याने काही बाबतींत उलट परिणाम झाला. या निष्कर्षांशेजारी मुंबईचा अनुभव ठेवून पाहण्यासारखा आहे. दंगलीनंतर, १९९४ च्या सुमारास, पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, आणि तिने शांततेसाठी क्रिकेटचे सामनेही भरवले. सामन्यांची छायाचित्रे छान येतात. परंतु धारावीसारख्या वस्त्यांत या चळवळीचे वजन पडले ते पोलीस ठाण्यात जायला घाबरणाऱ्या माणसाबरोबर जाण्याने, अफवेच्या रात्री गल्लीत फिरण्याने आणि त्याच अधिकाऱ्यांशी, त्याच शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलत राहण्याने. प्रयोगातला संपर्क काही आठवड्यांचा असतो. भिवंडीत तो चार वर्षे चालला होता आणि त्याला शिपायाच्या रोजच्या कामाची जोड होती, त्यामुळे प्रयोगाचे मर्यादित यश आणि भिवंडीची शांतता यांत विसंगती मानण्याचे कारण नाही.

समित्यांचा पुढचा प्रवास मात्र उताराचा झाला. बदल्या होत गेल्या, नव्या अधिकाऱ्यांना आपापल्या योजना राबवायच्या होत्या, आणि शिपायाने वस्तीत घालवलेला तास कोणत्याही तक्त्यात गुन्ह्याच्या उकलीइतका मोलाचा धरला जात नव्हता. शासनाने मोहल्ला समित्यांची कल्पना राज्यभर उचलून धरली तेव्हा तिचे नाव पसरले, पण अनेक ठिकाणी रचना पुन्हा जुन्या शांतता समितीसारखीच झाली : तेच पुढारी, तोच चहा. जुलै २००६ मध्ये कबरस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत तणाव वाढला, पोलिसांच्या गोळीबारात दोन जण ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. हिंदू आणि मुसलमान यांच्यात दंगल तेव्हाही उसळली नाही. संघर्ष पोलीस आणि एक वस्ती यांच्यातला होता, आणि वाद होता तो पोलिसांच्या नव्या ठाण्यासाठी जागा निवडण्याचा, म्हणजे १९८८ च्या व्यवस्थेत पहिल्याच बैठकीत चर्चेला आला असता अशा विषयाचा.